‘प्राउड’ आणि ‘ज्याओ-आओ’

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला ‘प्राउड’ या विशेषणाबद्दल एक सूचना हमखास मिळते: शब्दाला चांगली आणि वाईट अशा दोन बाजू आहेत, जपून वापरा. ही सूचना खरी असली तरी फारशी उपयोगाची नाही. कारण ‘प्राउड’साठी त्याच्या ओळखीचा जो चिनी शब्द, ‘ज्याओ-आओ’, त्यालाही याच दोन बाजू आहेत. ‘तुझ्यासाठी’ या अर्थाचे ‘वेइ नी’ आधी जोडले की ‘ज्याओ-आओ’ म्हणजे अभिमान. नुसते ‘तो फार ज्याओ-आओ आहे’ म्हटले की निंदा. इंग्रजीतही ‘प्राउड ऑफ’ आणि नुसते ‘प्राउड’ यांत बराचसा असाच फरक पडतो. मग विद्यार्थी अडखळतो कुठे?

माझ्या मते अडचण वाईट अर्थातच आहे. दोन्ही भाषांतला दोष एकच नाही. चिनी कोश ‘ज्याओ-आओ’चा पहिला अर्थ ‘स्वतःला थोर समजून इतरांना तुच्छ लेखणारा’ असाच देतात. पण शाळेत रुजलेला अर्थ थोडा वेगळा आहे. १९५६ च्या आठव्या पक्ष-अधिवेशनात माओंनी नम्रतेने माणूस पुढे जातो आणि ‘ज्याओ-आओ’मुळे मागे पडतो, अशा आशयाचे विधान केले, ते पुढे शाळांच्या भिंतींवर गेले. इथे दोष शेजाऱ्याला हिणवण्याचा नाही, थांबण्याचा आहे. म्हणून बक्षीस मिळवलेल्या मुलाला आई ‘बू-याओ ज्याओ-आओ’ म्हणते, ते आपल्या ‘डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस’सारखे. तेच शब्दशः ‘डोन्ट बी प्राउड’ झाले, की इंग्रजी कानाला तो आरोप वाटतो. किंवा मुलाने आनंदही मानू नये, असा हुकूम. निव्वळ अभिमानासाठी चिनीत ‘त्स-हाओ’ हा निर्दोष शब्द आहे. विद्यार्थ्याला आधी तो आठवावा, असे शिक्षक का सांगत नाहीत, कळत नाही.

(मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘मला तुझा गर्व आहे’ हे वाक्य ऐकून ‘गर्वाचे घर खाली’ ज्यांना आठवते, त्यांचा कान इथेच दुखावतो.)

या गोंधळाची खरी किंमत जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीत कळते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे चिनीत रूढ झालेले शीर्षक ‘आओमान’ने सुरू होते, आणि ‘आओमान’ म्हणजे उर्मटपणाच. त्यात अभिमानाला जागा नाही. डार्सीचा निकाल मुखपृष्ठावरच लागतो. कादंबरीत मात्र शार्लट म्हणते की अशा घराण्याच्या, अशा संपत्तीच्या माणसाला ‘प्राउड’ असण्याचा हक्कच आहे. आणि एलिझाबेथ उत्तरते की त्याने माझा ‘प्राइड’ दुखावला नसता तर त्याचा मी सहज माफ केला असता. एकाच वाक्यात तोच शब्द तिचाही आहे आणि त्याचाही. तिच्या दुखावलेल्या मनाला ‘आओमान’ म्हणता येत नाही. म्हणजे शीर्षकातला शब्द इथे अनुवादकाच्या कामाचा राहत नाही, आणि त्याला ‘ज्याओ-आओ’सारख्या दुहेरी शब्दाकडेच वळावे लागते.