बेहिके : वाट पाहण्याची चव
(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत.

मागच्या व्याख्यानात आपण अभिरुचीच्या निकषाबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला की, कविता आणि चित्रं ठीक आहेत, पण ज्या वस्तूची किंमत आधी कळते आणि चव नंतर, तिची समीक्षा प्रामाणिकपणे करता येते का? प्रश्न चांगला होता, म्हणून आज एकच वस्तू घेतो : क्यूबातली सिगार, आणि तीही जिच्यावरून सर्वांत जास्त वाद झाले ती, कोहिबा बेहिके.

एक खुलासा आधीच करतो. मी आता ओढत नाही आणि कोणी ओढावी असं माझं म्हणणं नाही. त्याचं कारण शेवटी सांगेन, कारण तेही या समीक्षेत येतं.

आता थोडी पार्श्वभूमी. कोहिबा १९६६ साली सुरू झाली. हवानाच्या पश्चिमेला एल लागितो नावाची जुनी हवेली आहे, तिथे. पहिली सोळा वर्षं ती दुकानात मिळतच नव्हती. फिदेल कास्त्रो ती स्वतः ओढत आणि परदेशी पाहुण्यांना, राजदूतांना भेट देत. विक्रीला आली ती १९८२ मध्ये. म्हणजे हिच्या जन्मापासूनच 'तुम्हाला मिळणार नाही' हा हिचा एक गुण मानला गेला. तो गुण आहे का, हेच आज बघायचं आहे.

फेब्रुवारी २०१० मध्ये हवानाच्या सिगार महोत्सवात बेहिके ही नवी मालिका जाहीर झाली. तीन आकार : बीएचके ५२, ५४ आणि ५६. (हशा) हो, बीएचके म्हटलं की आपल्याला सदनिका आठवते, आणि भावही साधारण त्याच अंगानं जाणारे होते. हे आकडे जाडीचे. एका इंचाचे चौसष्ट भाग करायचे, त्यातले बावन्न म्हणजे ५२. मिलिमीटरमध्ये साधारण साडेवीस. लांबी अनुक्रमे ११९, १४४ आणि १६६ मिलिमीटर. डोक्याला पानाची छोटी पिळलेली शेंडी, आणि दहा-दहाची काळी चकचकीत पेटी.

वाद कशावरून झाला? पहिला नावावरून. 'कोहिबा' आणि 'बेहिके' हे दोन्ही शब्द क्यूबाच्या मूळ रहिवाशांचे, ताइनो लोकांचे. बेहिके म्हणजे त्यांचा वैद्य, मांत्रिक, देवाशी बोलणारा. कोलंबसानंतर काही पिढ्यांत तो समाज जवळजवळ नष्ट झाला, आणि त्याच्या पुजाऱ्याचं नाव सर्वांत महाग पेटीवर आलं. शिवाय हे नाव आधी वापरून झालेलं होतं. २००६ साली, कोहिबाच्या चाळिसाव्या वर्षी, बेहिके नावाच्या ४००० सिगारी निघाल्या होत्या. चाळीस-चाळीसच्या १०० पेट्या. त्या सगळ्या एकट्या नॉर्मा फर्नांडिस यांनी वळल्या होत्या. ज्यांनी त्या घेतल्या त्यांना वाटलं होतं की हे नाव तिथेच संपलं. हे नाव लक्षात ठेवा, नॉर्माबाईंकडे आपण परत येणार आहोत.

दुसरा वाद जाडीवरून. कोहिबाची जुनी ओळख म्हणजे लान्सेरो : १९२ मिलिमीटर लांब आणि जाडी फक्त ३८, वेताच्या छडीसारखी. ती आवडणाऱ्यांना वाटलं, ही नवी जाडजूड मंडळी परदेशी फॅशनच्या मागे लागून आली.

आणि तिसरा, खरा वाद पानावरून. तंबाखूच्या झाडावर पानांची उतरंड असते. खालची पानं 'व्होलादो', ती नीट जळतात. मधली 'सेको', ती सुगंध देतात. वरची 'लिहेरो', ती उन्हात तापलेली, जोरकस. आणि या सगळ्यांच्या वर, अगदी शेंड्याला, काही झाडांवरच दोन छोटी पानं येतात, त्यांना 'मेदियो तिएम्पो' म्हणतात. सर्वांत जास्त ऊन खाल्लेली, जाड, तेलकट, सावकाश जळणारी. बेहिकेत हे पान आहे, असा दावा होता. टीकाकार म्हणाले, इतकं पान येणार कुठून? आणि आलं तरी जिभेला ते कळणार का?

माझी एक सवय आहे. कुठलंही नाटक किंवा पुस्तक येण्याआधी मी वहीत लिहून ठेवतो की मला त्यातून काय अपेक्षित आहे. नंतर ताडून बघतो. मार्च २०१० ची वही माझ्याकडे आहे. त्यात मी लिहिलं होतं : 'जोर असेल पण घाई नसेल. काकवीसारखा दाट गोडवा. शेवटच्या तिसऱ्या भागात खरी ओळख.' आता बघा, सिगार मी पाहिलीसुद्धा नव्हती! हे सगळं मी जाहिरातीतून आणि स्वतःच्या इच्छेतून बनवलं होतं.

वर्षाअखेरीस अमेरिकेतल्या 'सिगार अफिशिओनाडो' या नियतकालिकानं बीएचके ५२ ही २०१० ची सर्वोत्तम सिगार ठरवली. ज्या देशात १९६२ पासून क्यूबाच्या मालावर बंदी, तिथल्या वाचकांना सांगितलं की सर्वांत चांगली वस्तू ही, आणि ती तुम्हाला दुकानात मिळायची नाही. वाट पाहणं आणखी गोड झालं.

२०११ मध्ये माझा एक जुना विद्यार्थी स्पेनहून आला, त्यानं दोन बीएचके ५२ आणल्या. एक मी त्याच रात्री गच्चीवर ओढली. वहीत दोन पानं स्तुती आहे : जायफळ, भाजलेली कॉफी, नव्या चामड्याचा वास, आणि अर्थातच काकवी. परवा ती दोन पानं पुन्हा वाचली तेव्हा मला लाज वाटली, कारण मार्च २०१० चे शब्द मी जवळजवळ तसेच उतरवले होते. मी त्या रात्री सिगार ओढली की वही ओढली?

आपल्याकडे अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणं. तो रंगमंचाकडे बघतो, पण त्याला दिसतं स्वतःचंच काही. माझं तेच झालं होतं. वाट बघण्याचं सुख इतकं मोठं होतं की समोरच्या वस्तूला बोलायला जागाच उरली नाही.

विद्यार्थ्याला मी हे सांगितलं. तो पुढे २०१३ मध्ये आला तेव्हा म्हणाला, "सर, दुसरी शिल्लक आहे ना? मग परीक्षा घेऊ." त्यानं तीन सिगारी तयार केल्या : माझ्याकडची बेहिके, कोहिबाचीच रोबुस्तो, आणि पार्तागासची सेरिये डी क्रमांक ४. शेवटच्या दोन्ही ५० जाडीच्या, १२४ मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे हातात जवळपास सारख्याच. कागदी पट्ट्या काढल्या, डोकी आधीच कापली म्हणजे शेंडीही गेली. तीन दिवस, रोज संध्याकाळी एक. जाडीचा अंदाज येऊ नये म्हणून खोलीत अंधुक दिवा.

पहिल्या संध्याकाळची मी ओळखली. पावसाळी मातीचा तो रांगडा जोर पार्तागासचाच. दुसऱ्या संध्याकाळी लिहिलं : 'चांगली आहे, पण धूर ओढायला घट्ट. एका बाजूनं वाकडी जळते आहे. अर्ध्यानंतर काहीतरी दाट, काकवीसारखं.' तिसरी सरळ जळली, मोकळी ओढली गेली, मध आणि गवताचा सुवास. मी ठामपणे म्हणालो, "ही बेहिके!"

ती रोबुस्तो होती. बेहिके दुसरी होती. (हशा) हसा, हसा. मीही हसलो, पण दोन दिवसांनी.

आता यातून काय निष्कर्ष काढायचा? घाईचा निष्कर्ष असा की सगळं थोतांड आहे, किंमत काढली की काहीच उरत नाही. तो मला मान्य नाही. डेव्हिड ह्यूमनं १७५७ च्या निबंधात सांचो पांझाच्या दोन नातेवाइकांची गोष्ट सांगितली आहे. दोघांना पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला उत्तम, फक्त किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला उत्तम, पण लोखंडाची चव आहे. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत अडकवलेली किल्ली निघाली. माझ्या वहीत पट्टी काढलेली असतानाही दुसऱ्या संध्याकाळी 'दाट, काकवीसारखं' आलं होतं, बाकीच्या दोन संध्याकाळी आलं नाही. म्हणजे पिंपात किल्ली होती. त्या शेंड्याच्या पानाबद्दलचा दावा खोटा नाही, ते जिभेला कळतं.

मग मी तिला दुसरी का ठरवली? कारण ती नीट वळलेली नव्हती. इथे आपल्या मराठीनं एक गोष्ट बरोबर पकडली आहे. विडी आपण 'बनवत' नाही, वळतो. क्यूबात सिगारीच्या तीन थरांना आतडं, ओव्हरकोट आणि झूल अशा अर्थाची नावं आहेत. आतल्या पानांची घडी अशी घालावी लागते की मधून हवा जायला वाटा राहतील. आणि जाड, सावकाश जळणारं पान बरोबर मध्यावर यावं लागतं. ते एका बाजूला सरकलं की दुसरी बाजू पुढे जळत जाते. मेदियो तिएम्पो हे सर्वांत सावकाश जळणारं पान, म्हणजे वळणाऱ्या हाताची सर्वांत कठीण परीक्षा. इथे जाडीच्या वादाचंही उत्तर मिळतं. ३८ च्या छडीत या पानाभोवती बाकीची पानं मावायला जागाच नाही. ५२ ची जाडी निव्वळ फॅशन म्हणता येत नाही, ५६ बद्दल मात्र मी शंका राखून ठेवतो.

एका सिगारीवरून मी मालिकेचा निकाल लावत नाही. त्या संध्याकाळी निकाल लागला तो माझा. पण इतिहास माझ्या बाजूनं आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जगभर मागणी वाढली, क्यूबानं घाईनं उत्पादन वाढवलं, आणि न ओढल्या जाणाऱ्या घट्ट सिगारींच्या तक्रारी सुरू झाल्या. वळणारे बरेच हात पुरेसे शिकलेले नव्हते.

म्हणून बेहिकेवर माझा आक्षेप नेमका हा आहे. २००६ च्या बेहिकेची ओळख एका बाईच्या हातानं होती. २०१० च्या बेहिकेची ओळख एका दुर्मिळ पानानं झाली. हात मागे गेला, पान पुढे आलं. दुर्मिळता ही पुरवठ्याबद्दलची माहिती आहे, चवीबद्दलची नाही. विक्रेता दोन्ही एकच असल्यासारखं बोलतो आणि आपण ऐकतो, कारण वाट पाहणं आपल्याला आवडतं. २०२२ मध्ये कोहिबाच्या किमती जगभर एकदम चढवल्या, कित्येक बाजारांत दुपटीच्या वर नेल्या. त्या वर्षी पान दुप्पट चांगलं झालं नव्हतं, आणि वळणाऱ्या बोटांचा वेगही दुप्पट झाला नव्हता.

आता ते राहिलेलं कारण. २०१४ मध्ये माझा थोरला भाऊ घशाच्या कर्करोगानं गेला. त्यानं आयुष्यभर विडी ओढली, दिवसाला एक कट्टा. त्याला काकवी, जायफळ असले शब्द माहीत नव्हते, पण पान तेच, तंबाखूचं. त्याच्या तेराव्यानंतर मी उरलेल्या सिगारी फेकून दिल्या. मग प्रश्न येतो : जे वाईट आहे त्याची चव चांगली होती, असं समीक्षकानं म्हणावं का? मला वाटतं, म्हणावं. चव चांगली होती हे लपवलं तर मी खोटं बोललो. आणि चव चांगली होती म्हणून बाकी सगळं माफ, असं म्हटलं तर दादाशी खोटं बोललो. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून जगता येतं, फक्त एकाच्या आड दुसरं लपवायचं नाही.

शेवटी एकच सांगतो. १८६५ पासून क्यूबाच्या सिगार कारखान्यांत एक वाचक असतो, 'लेक्तोर'. वळणाऱ्यांचे हात चालू, आणि हा उंच जागेवर बसून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्यानं वाचतो. ड्यूमाची 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' तिथे इतकी आवडली की एका सिगारीला मोंतेक्रिस्तो नाव पडलं, असं सांगतात. आज तासभर मी बोललो, तुम्ही ऐकलंत, म्हणजे मीही तुमचा लेक्तोरच झालो. फरक एवढाच की तिथे ऐकणाऱ्यांच्या हातून संध्याकाळपर्यंत काहीतरी वळून होतं.

तुम्ही घरी जाऊन एवढं करा. ज्या गोष्टीची वाट बघताय, पुस्तक असो, सिनेमा असो, या मोसमातला पहिला हापूस असो, तिच्याबद्दलची अपेक्षा आजच चार ओळींत लिहून ठेवा. मग चाखा, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवा. शब्द तेच आले, तर अजून चाखलेलं नाही असं समजा.

आता प्रश्न घेऊ.