मूर्तिजापूर लिहून बघा : र. कृ. जोशी आणि ‘मंगल’ फॉन्ट

अमरावतीत विद्यापीठाच्या आसपास असो की अकोल्यात, सिनॉप्सिस मराठीत टाइप करायला दिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘कृतिदेव की मंगल?’’ आणि आपलं उत्तरही ठरलेलं : ‘‘जे चालते ते करून द्या भाऊ.’’ पेट निघाली, कोर्सवर्क झालं, गाईड मिळाले. आता फॉन्टमध्ये कोण डोकं घालतो?

आज तुम्हाला तिथंच डोकं घालायला लावणार आहे. कवितासंग्रहाचं किंवा सिनेमाचं परीक्षण करतात, तसं या लेखात ‘मंगल’ या फॉन्टचं परीक्षण आहे. कारण एक प्रश्न सध्या सगळीकडे ऐकू येतो : चित्र जर यंत्रच काढून देत असेल, तर कलाकारानं नेमकं काय केलं? डिजिटल कलेत सर्जनशीलता असते तरी कुठं? या प्रश्नावर विचार करायला फार लांब जायची गरज नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एक डिजिटल कलाकृती पंचवीस वर्षांपासून पडून आहे. तुम्ही ती रोज वापरता, आणि ती कुणी केली हे बहुतेकांना माहीत नसतं.

ती केली र. कृ. जोशींनी (१९३६–२००८). जोशी मूळचे सुलेखनकार आणि कवी. बरीच वर्षं जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक होते. नंतर आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी शिकवलं, आणि मुंबईतल्याच एनसीएसटीमध्ये, म्हणजे पुढच्या सीडॅकमध्ये, भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम केलं. भारतातल्या सगळ्या भाषांना चालेल अशी ‘देशनागरी’ नावाची एक सामाईक लिपीही त्यांनी कल्पिली होती. मायक्रोसॉफ्टनं विंडोज २००० मध्ये पहिल्यांदा देवनागरीची सोय दिली, तेव्हा तिच्यासोबत आलेला फॉन्ट म्हणजे मंगल.

आता गंमत बघा. सुलेखनकाराचा कुंचला एकदा फिरतो तसा पुन्हा फिरत नाही. तोच त्याचा आनंद. आणि या माणसाचं सगळ्यात जास्त डोळ्यांखालून गेलेलं काम कोणतं? तर लाखो कॉम्प्युटरवर तंतोतंत तसंच उमटणारं अक्षर. मग यात कलाकार हरवला का? माझं म्हणणं आहे, नाही. फक्त आपण त्याला चुकीच्या जागी शोधतो.

मूर्तिजापूरची गोष्ट

‘मूर्तिजापूर’ हा शब्द युनिकोडमध्ये टाइप करा. कॉम्प्युटर काय साठवतो? म, दीर्घ उकार, र, हलंत, त, ऱ्हस्व वेलांटी, ज, काना, प, दीर्घ उकार, र. एकूण ११ चिन्हं, आणि तीही आपण उच्चारतो त्याच क्रमानं. आता पडद्याकडे बघा. ‘त’च्या नंतर टाइप केलेली वेलांटी ‘त’च्या आधी जाऊन बसली. ‘त’च्या आधीचा ‘र’ रफार होऊन त्याच्या डोक्यावर चढला. उकार खाली लटकले.

हे दोघं मिळून करतात. विंडोजमधली युनिस्क्राइब नावाची यंत्रणा चिन्हांचा क्रम लावते. आणि फॉन्टच्या आत असलेले तक्ते सांगतात की अमुक चिन्हांच्या जोडीऐवजी तमुक आकार घ्या, आणि तो इथं बसवा. म्हणजे फॉन्ट हा नुसता अक्षरांचा अल्बम नाही. आकार आणि नियम दोन्ही त्यात असतात.

स्टेशनवरची पाटी रंगवणाऱ्या पेंटरशी तुलना करून बघा. त्याला पूर्ण शब्द दिसतो. रफार आणि वेलांटी एकमेकांना भिडत असतील तर तो हातानं थोडं सरकवतो. जोशींना ही सोय नव्हती. तुमचा शब्द त्यांना कधीच दिसणार नव्हता. मूर्तिजापूर असेल, तेल्हारा असेल, एखाद्या कीटकनाशकाचं लांबलचक नाव असेल, किंवा २००८ नंतर मराठीत आलेला एखादा शब्द असेल. त्या सगळ्यांत अक्षर मोडू नये, ही अट आधीच ठरवून घ्यायची आणि मग आकार काढायचे. माझ्या मते मंगलमधली निर्मिती इथं आहे. एक सुंदर ‘त’ काढणं ही कलाच आहे, पण जो शब्द आपण पाहणारच नाही त्यात तो ‘त’ नीट बसेल अशी तजवीज करणं, ही डिजिटल माध्यमाची स्वतःची कला आहे.

सोंग आणि अक्षर

हे पटत नसेल तर कृतिदेव उघडा. कृतिदेवमध्ये ‘भारत’ टाइप केलं की फाइलमध्ये भारत नसतोच. तिथं असतात पाच इंग्रजी अक्षरं : कॅपिटल एच, मग दोनदा के, मग जे, मग आर. त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले आहेत, म्हणून आपल्याला ‘भारत’ दिसतं. हे देवनागरीचं सोंग आहे. प्रिंट झकास येते. पण फॉन्ट बदला, की सोंग उतरतं आणि उरतो इंग्रजी अक्षरांचा गोंधळ.

कृतिदेवला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. युनिकोड हाताशी नव्हतं तेव्हा अशाच फॉन्टनी मराठी छपाई आणि टायपिंगवाल्यांचं पोट चालवलं. पण तुम्ही संशोधक होणार आहात. तुमचा प्रबंध उद्या शोधगंगेवर जाणार आहे. मेळघाटातल्या कुपोषणावर तुम्ही चार वर्षं काम केलं, आणि कुणी ‘मेळघाट’ शब्द टाकून शोधलं, तर कृतिदेवातला मजकूर त्या शोधात सापडणार नाही. कारण त्यात मेळघाट हा शब्दच नाही.

दोन्ही फॉन्ट कागदावर मराठीच दाखवतात. फरक कागदाच्या मागं आहे. म्हणून डिजिटल कलाकृतीचं परीक्षण फक्त डोळ्यांनी करून भागत नाही, तिच्या आत काय आहे तेही बघावं लागतं.

जोशींचा स्वतःचा विचार

कलाकार आपल्या माध्यमाबद्दल काय विचार करतो, हे त्याच्या मुलाखतीतच सापडतं असं नाही. जोशींच्या बाबतीत ते एका शोधनिबंधात सापडतं. २००३ मध्ये प्राग इथं झालेल्या युनिकोड परिषदेत जोशी, केयूर श्रॉफ आणि एस. पी. मुदूर यांनी भारतीय भाषांसाठी ध्वनींवर आधारलेल्या संकेतांची एक पद्धत मांडली.

मुद्दा सोपा करून सांगतो. युनिकोडमध्ये ‘क’ या चिन्हात ‘अ’ आधीच मिसळलेला आहे. त्यामुळे नुसता ‘क्’ हवा असेल तर एक चिन्ह वाढवावं लागतं. आवाज कमी करायला अक्षर वाढवायचं, असा उलटा हिशेब. शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण काय शिकलो? क् अधिक अ म्हणजे क. ध्वनींपासून सुरुवात करा, त्यांच्या जुळणीतून अक्षर उभं राहील, आणि लिपी कोणतीही असली तरी ही जुळणी सारखीच राहील, ही त्या मांडणीमागची दिशा आहे.

युनिकोड बदललं नाही, ते बदलणं व्यवहारात शक्यही नव्हतं. पण मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या पायावर आपलं सगळ्यात गाजलेलं काम उभं आहे, त्याच पायाबद्दल हा कलाकार तीन वर्षांनी उघडपणे वेगळा विचार मांडतो. आकार सुंदर कसा करावा यापेक्षा ‘अक्षर म्हणजे काय’ हा प्रश्न त्याला जास्त सतावतो.

याच्या जोडीला एक बाहेरचा वाद ठेवून बघू. लाटेक वापरणाऱ्यांना डोनाल्ड क्नूथ माहीत असतील. १९८२ मध्ये त्यांनी असा विचार मांडला की अक्षर हा एक प्रोग्राम म्हणून लिहिता येतो. जाडी, उंची, वळण यांचे आकडे बदला, की त्याच अक्षराची असंख्य रूपं मिळतील. त्यावर डग्लस हॉफस्टॅटर यांनी आक्षेप घेतला : तुम्ही कितीही आकडे फिरवा, ‘ए’ या अक्षराच्या सगळ्या शक्यता मोजक्या आकड्यांत मावणार नाहीत. हा वाद सुट्या अक्षराभोवती फिरतो. रोमन लिपीत ते शोभतं. देवनागरीत मात्र अक्षर एकटं नसतंच. शेजारी कोण आहे त्यावर ते अर्धं होतं, डोक्यावर चढतं, पोटात शिरतं. म्हणून जोशींचं काम मला या वादात एक वेगळी भर घालणारं वाटतं : नियमात काय मावतं हे विचारण्याआधी नियम कोणत्या एककावर लावायचा ते ठरवा.

आता दोष

इतकं कौतुक केल्यावर दोष सांगणं भाग आहे, नाहीतर हे परीक्षण नाही, हार-तुरे होतील.

पहिला दोष मराठी डोळ्याला लगेच खुपतो. मंगलमध्ये सहज समोर येणारे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. एक लिपी म्हणजे एकच वळण, असं धरून चाललं की संख्येनं मोठी भाषा जिंकते. निर्णय कलाकाराचा असो की कंपनीचा, वाचकासमोर येतो तो परिणाम, आणि परिणामाचंच परीक्षण होतं. मराठी मातृभाषा असलेल्या कलाकाराच्या फॉन्टमध्ये हे व्हावं, याची हळहळ वाटते.

दुसरा दोष कागदावरचा. मंगल जन्मला जाड ठिपक्यांच्या मॉनिटरसाठी. तिथं त्याचे मोकळे, सरळसोट आकार उपयोगी पडले. पण २५० पानांच्या प्रबंधात तोच मोकळेपणा रुक्ष वाटतो. दोन ओळींतलं अंतरही तो भरपूर घेतो, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार यांना जागा हवी. त्यावर तुम्ही दीडपट अंतर दिलं की पानं फुगतात. पडद्यासाठी केलेली वस्तू आपण सवयीनं छापायला वापरतो. यात अर्धा दोष आपला आहे.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की गुण, हे तुम्हीच ठरवा. ‘दर्यापूर’ आणि ‘मेळघाटातल्या दऱ्या’ म्हणून बघा. एकीकडे रफार, दुसरीकडे आडवा र. उच्चारही वेगळा, अर्थही वेगळा. आपल्या ‘वऱ्हाड’ या नावातच हा आडवा र बसलाय, आणि युनिकोडमध्ये तो दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट : नुक्त्याचा ऱ आणि हलंत. दुसरी वाट : साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पहिल्या वाटेनं वऱ्हाड ६ चिन्हांचा, दुसऱ्या वाटेनं ७ चिन्हांचा. फॉन्ट दोन्ही सारखेच दाखवतो. वाचणाऱ्यासाठी हे अगदी बरोबर. पण समजा तुम्ही जुन्या-नव्या लेखांतून ‘वऱ्हाड’ किती वेळा आला हे मोजताय. साध्या शोधात एका वाटेचे शब्द सापडतील, दुसऱ्या वाटेचे निसटतील, आणि पडद्यावर काहीच चुकलेलं दिसणार नाही. फॉन्ट आपलं काम चोख करतो, म्हणूनच डेटातली ही फट झाकली जाते.

तुमच्यासाठी

मंगल उत्तम फॉन्ट आहे का? छापील पानासाठी नाही, मराठीसाठी अपुरा, आणि तरीही आपल्या काळातल्या महत्त्वाच्या मराठी हातांपैकी एकाचं फार मोठं काम, असा माझा निकाल आहे. पुढच्या पिढीनं बरीच उणीव भरून काढली आहे. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ फुकट मिळतात. प्रबंध झीलाटेकमध्ये करणार असाल तर हे दोन्ही फॉन्ट त्यात चालतात.

फॉन्ट ठरवण्याआधी पाच मिनिटं द्या. मूर्तिजापूर, दर्यापूर, वऱ्हाड, तेल्हारा हे चार शब्द टाइप करा. प्रिंट काढून बघा, पीडीएफ करून त्यात ते शोधून बघा, आणि ल-श कोणत्या वळणाचे येतात तेही तपासा. टायपिंग बाहेरून करून घेत असाल तर ‘‘युनिकोडमध्येच पाहिजे’’ एवढं आधी सांगा.

आणि संशोधनपद्धतीचं प्रकरण लिहाल तेव्हा जोशींचं काम आठवा. तुमची पद्धत तुमच्याच नमुन्यांवर चालली, यात विशेष काही नाही. दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या हंगामातला, तुम्ही न पाहिलेला नमुना कुणी त्यात घातला तर काय होईल? व्हायवात हा प्रश्न येतोच. त्याचा विचार पद्धत ठरवतानाच करून ठेवा, तेव्हा सुचणं सोपं नसतं याची मला चांगलीच जाणीव आहे.