‘अवशेष’ : एका शब्दाचे दोन अर्थ

जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या मठाची मराठी प्रवासवर्णने बहुधा मनोऱ्यापाशीच थांबतात. जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंचीचा तो भग्न मनोरा दृष्टीत प्रथम भरतो हे खरे. तथापि त्याच्या पायथ्याशी उत्खननाने उघड झालेली जमीन वर्णनातून निसटते, आणि स्थळाचा खरा अर्थ तर तेथेच आहे.

मराठीत ‘अवशेष’ हा शब्द पडक्या वास्तूसही लागतो आणि मृताच्या उरलेल्या अस्थींसही. येथे हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ साली शिराज येथे, धर्मांतरास नकार दिल्यामुळे मारली गेली. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टीन पंथीय साधूंनी या मठात आणला. अस्थींची दगडी पेटी प्रार्थनागृहाच्या एका विशिष्ट खिडकीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. परंतु १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, १८४२ साली छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भागही पडला; मग ‘खिडकी’ या शब्दाने दाखवावे असे काही उरलेच नाही. भिंतींची मांडणी मातीतून मोकळी झाल्यावरच त्या नोंदीला पुन्हा अर्थ आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला तेथे अस्थी सापडल्या; २०१३ साली हैदराबादच्या प्रयोगशाळेतील जनुकीय परीक्षणाने त्या केतेवानच्या असाव्यात या मताला पुष्टी दिली, आणि २०२१ मध्ये त्यांपैकी काही भाग जॉर्जियाला देण्यात आला. दगड वाचण्यास कागद लागला आणि कागद वाचण्यास दगड. हे परस्परावलंबन ज्या वर्णनात नाही, ते वर्णन अपुरेच म्हटले पाहिजे.

पाटणच्या वाचकाला या स्थळी एक निराळा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. जांभा त्याला माथ्यावरच्या सड्यावरून परिचित. आणि गाव सोडावे लागणे म्हणजे काय, हे कोयनेच्या जलाशयाने त्या खोऱ्याला शिकविले आहे. हा दगड कोणी तोडला, कोणी वाहिला, साथींनी शहर ओस पडू लागल्यावर ती माणसे कोठे गेली, याविषयी ही वर्णने अवाक्षर काढत नाहीत. राणीच्या हाडाला नाव मिळाले. पाथरवटाला, वर्णनापुरते तरी, अद्याप नाही.

मठाची घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. ती वाजते, म्हणून तिला कोणी अवशेष म्हणत नाही.