सिद्धान्तवाचक संज्ञा आणि मराठी समीक्षा

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'वाद' या उत्तरपदाइतके राबवले गेलेले दुसरे पद क्वचितच असेल. वास्तववाद, अस्तित्ववाद, संरचनावाद, मार्क्सवाद : इंग्रजीतील 'इझम' दिसला की त्याच्या जागी 'वाद' योजायचा, हा रिवाज इतका रुळला आहे की त्यामागे भाषांतराचा एक निर्णय आहे याचेही भान उरलेले नाही. या निर्णयात काय गमावले, हे धार्मिक, तात्त्विक आणि वैद्यकीय परंपरेतील सिद्धान्तवाचक संज्ञांच्या आधारे तपासता येईल.

परंपरेत या संज्ञा परस्परांचे पर्याय नव्हेत. 'दर्शन' हे समग्र असते. 'वाद' हे बहुधा एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. कार्य उत्पत्तीपूर्वी कारणात असते की नाही, या प्रश्नाला सांख्यांचे उत्तर सत्कार्यवाद, तर न्याय-वैशेषिकांचे असत्कार्यवाद. सर्वास्तिवाद हे एका बौद्ध निकायाचे नाव असले, तरी तेही 'सर्व आहे' या विवाद्य विधानावरूनच पडलेले. 'संप्रदाया'त परंपरेने सोपवले जाणे अभिप्रेत आहे, 'पंथा'त चालणे. 'वारकरीवाद' हा शब्द कानाला खटकतो, कारण तेथे प्रतिपादनाआधी आचरण आहे.

वैद्यकाची साक्ष याहून उद्बोधक आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांच्या परस्परचर्चेचे विस्तृत विवेचन येते. चर्चेचे तेथे दोन प्रकार सांगितले आहेत : स्नेहभावाने केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने केलेली विगृह्य संभाषा. चरकाचा 'वाद' दुसऱ्या प्रकारात मोडतो. जल्प आणि वितंडा हे त्याचेच भेद. न्यायसूत्रांत मात्र तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद, आणि जल्प-वितंडा त्याहून वेगळे. एकच संज्ञा दोन शास्त्रांत अशी भिन्नार्थी आहे. पण दोन्हीकडे ती कृतीची वाचक आहे, निष्कर्षाची नव्हे. निष्कर्षासाठी 'सिद्धान्त' हा शब्द राखून ठेवलेला आहे : परीक्षकांनी अनेक प्रकारे परीक्षून, हेतूंनी सिद्ध करून स्थापिलेला निर्णय. आजच्या मराठीने 'वादा'लाच सिद्धान्ताच्या जागी बसवले आणि मधली परीक्षा वगळली.

दुसरा प्रश्न नाव कोण देतो, हा आहे. शांकर अद्वैताला 'मायावाद' हे नाव विरोधकांनी लावले. 'हीनयान' ही संज्ञा महायानियांची. 'ॲलोपॅथी' हा शब्दही होमिओपॅथीचा प्रवर्तक हानेमान याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या प्रतिपक्षासाठी घडवला. मराठीत तो आज तटस्थ वर्णन म्हणून वावरतो. आरोपाचे असे वर्णन होते, तेव्हा वादातील एक पक्ष न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला असतो. समीक्षेतील 'रूपवादी', 'कलावादी' ही विशेषणे वापरताना हे ध्यानात घ्यावयास हवे.

ही केवळ शब्दांची कुरकुर नव्हे. जोतीराव फुले यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'ने (1891) 'धर्म' हा शब्द टाकला नाही. त्याला 'सत्य' आणि 'सार्वजनिक' ही विशेषणे जोडून तो झगडून आपलासा केला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (मूळ इंग्रजी, 1957) डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाली रूप स्वीकारले आणि धम्म हा मूलतः सामाजिक असल्याचे प्रतिपादिले. दोन्ही निवडींत एकेक युक्तिवाद आहे. 'धम्म' म्हणजे 'धर्मा'चे पाली रूप एवढेच म्हणून पुढे जाणारा समीक्षक तो युक्तिवाद वाचतच नाही.

याचा अर्थ 'वाद' हे उत्तरपद वर्ज्य करावे असा नव्हे. ते आता शक्यही नाही. त्यामागील प्रश्न आणि प्रतिपक्ष मात्र परत आणता येतील. एखाद्या कादंबरीस 'अस्तित्ववादी' म्हणताना ती कोणत्या प्रश्नाला उत्तर देते आणि कोणाचे खंडन करते, हे सांगणे समीक्षकावर बंधनकारक असावे. मराठीने 'चिकित्सा' या वैद्यकीय शब्दाला विचारांच्या परीक्षेचा अर्थ दिला. धर्मचिकित्सा, चिकित्सक आवृत्ती हे प्रयोग त्याची साक्ष देतात. वैद्य रोगाचे नाव उच्चारून थांबत नाही. समीक्षकानेही वादाचे नाव घेऊन थांबू नये.