हवेवरचं एक प्रकरण

‘आरोग्यनी चावी’ या गांधीजींच्या लहानशा पुस्तकात हवेवर एक प्रकरण आहे. आगाखान पॅलेसच्या कैदेत २८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांनी हे पुस्तक लिहायला घेतलं. जेमतेम तेरा दिवसांपूर्वी, त्याच वास्तूत, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले होते. प्रकरणात त्या दुःखाची एक ओळही नाही. आहे ती फक्त श्वासाची काळजी.

मला यातला साधेपणा मोहवतो. तोंड मिटून नाकानं श्वास घ्या, सकाळी चूळ भरता तसं नाकही पाण्यानं धुवा, उघड्यावर झोपा, पांघरूण नाकावर ओढू नका. सगळं बिनपैशाचं! सेवाग्रामच्या शेतमजुरालाही जमेल एवढंच ते मागतात. आसनांची थोरवी ते नाकारत नाहीत, पण नेमस्त जगणं त्यांना त्याहून मोलाचं वाटतं. नाकानं श्वास चालावा, छाती मोकळी फुलावी, अशी कुठलीही सुखाची बैठक त्यांना पुरते.

छाती फुलण्याच्या या मुद्द्यावर मी दर वेळी थबकतो. त्याच वर्षी, अटकेपूर्वी, समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव दम्याच्या उपचारासाठी सेवाग्रामला गांधीजींच्या देखरेखीखाली राहिले होते. दम्यानं शेवटपर्यंत त्यांची पाठ सोडली नाही. अशा माणसानं ही अपेक्षा कशी वाचावी?

निरोगी माणसाच्या श्वासनलिका आवळल्या असतील, तर खोल श्वासानं फुप्फुस ताणलं जातं, भोवतालचे स्नायू सैलावतात आणि हवेला होणारा अडथळा काही वेळ उतरतो. दम्यात हा गुण क्षीण होतो. सूज आलेल्या नलिकेपर्यंत तो ताण नीट पोचत नाही, स्नायू लगेच पुन्हा आवळतात; काहींच्या नलिका तर खोल श्वासानंतर अधिकच अरुंद होतात. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट वाढतो. शिवाय धाप लागलेल्याची छाती आधीच फुगलेली असते. आतली हवा बाहेर काढणं हीच त्याची खरी झुंज.

म्हणून हे प्रकरण मी निरोगी माणसाच्या दिनचर्येचं सुंदर गद्य मानतो, दम्याचा उपचार नव्हे. त्याचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांनीच १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. प्रकरण अवश्य वाचा. पण घरात कुणाला धाप लागली, तर ‘मोठा श्वास घे’ म्हणत बसू नका. आधी डॉक्टरांनी दिलेला इनहेलर हातात द्या, आणि उतार पडला नाही तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.