मिनिटाला किती शब्द?

पुणे-सातारा रस्त्यावर भोर तालुक्यात शिवरे हे गाव लागते. या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याला पाटीवरचे ‘शिवरे’ वाचावे लागतच नाही. नजर पडताच ते कळते. परगावचा माणूस मात्र क्षणभर अडखळतो. ‘शिवारे’ की ‘शिरवे’? पुढे शिरवळ आहे हे अर्धवट ठाऊक असेल, तर घोटाळा आणखी वाढतो. पाटी तीच, डोळेही सारखेच. फरक आहे तो आधीच्या ओळखीचा. जलद वाचनाबद्दलचे दावे तपासताना ही पाटी आपण लक्षात ठेवू या.

‘मिनिटाला हजार शब्द वाचा, तेही पूर्ण समजून’ असे सांगणारी पुस्तके व वर्ग आपल्याकडेही आहेत. ही पद्धत गाजवली ती एव्हलिन वुड या अमेरिकन शिक्षिकेने १९५९ साली सुरू केलेल्या वर्गांनी. ओळींवरून हात झरझर फिरवा, मनातल्या मनात उच्चार करू नका, एका नजरेत शब्दांचा पुंजका टिपा, हे तिचे मुख्य नियम. ते ऐकायला सोपे आहेत. पण डोळ्याला ते मान्य आहेत का?

वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो, आणि दोन उड्यांच्या मधे साधारण पाव सेकंद थांबतो. अक्षरे ओळखली जातात ती या थांब्यात. म्हणजे मिनिटाला सुमारे २४० थांबे झाले. दृष्टिपटलाचा अगदी मधला छोटा भागच बारीक अक्षरे स्पष्ट पाहू शकतो, म्हणून एका थांब्यात सरासरी एखादाच शब्द नीट हाती लागतो. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांचा मूकवाचनाचा वेग मिनिटाला २४० शब्दांच्या आसपास आढळतो, तो उगाच नव्हे. हजार शब्द वाचायचे तर प्रत्येक थांब्यात चार शब्द टिपले पाहिजेत. डोळ्याची रचना तेवढी सवलत देत नाही.

मग हजार शब्द ‘वाचणारे’ काय करतात? ते गाळतात. जस्ट व कार्पेंटर या संशोधकांनी १९८०च्या दशकात मिनिटाला सुमारे ७०० शब्दांच्या गतीने जाणारे प्रशिक्षित वाचक तपासले. सोप्या मजकुराचा ढोबळ आशय त्यांना सांगता आला. तपशिलांत मात्र ते नेहमीच्या वेगाने वाचणाऱ्यांच्या मागे पडले. २०१६ साली कीथ रेनर व सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्याचाही निष्कर्ष असाच होता, की वेग फार वाढवला तर समज घटते. मनातला उच्चार दाबल्यानेही कठीण मजकूर कमीच कळतो.

विज्ञानाच्या पुस्तकात हे विशेष महागात पडते. ‘समुद्रसपाटीवरील वातावरणाच्या दाबाला शुद्ध पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते.’ घाईने वाचणाऱ्याच्या हाती ‘पाणी १०० अंशांना उकळते’ एवढेच राहते. पण सुमारे १,४०० मीटर उंचीच्या तोरण्यावर ते ९५ अंशांच्या आसपासच उकळेल. वाक्यातले विज्ञान त्या गाळलेल्या अटीत होते.

हाच प्रश्न प्राथमिक वर्गात वेगळ्या रूपात येतो. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द व तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे लक्ष्य आहे. अशा मोजमापाला आमचा सरसकट विरोध नाही. अक्षर-अक्षर जुळवत जाणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते, म्हणून किमान ओघ हवाच. आमची तक्रार आहे ती घड्याळ हाती आले की ‘अर्थ समजून’ हे शब्द मागे पडतात, याबद्दल. मूल मग वाचत नाही, धावते.

शिवाय मराठीत शब्द मोजायचा कसा? ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले दोन शब्द. इंग्रजीत तेवढाच अर्थ सांगायला आठ शब्द लागतात. आपले प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. त्यामुळे एका भाषेतला आकडा दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही. दोन मराठी उताऱ्यांतही शब्द आखूड की लांब, जोडाक्षरे किती, यावर आकडा बदलतो.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. विज्ञानाचा शंभरेक शब्दांचा उतारा मुलांना वाचायला द्या व वेळ टिपा. मग पुस्तक मिटवून तीन प्रश्न विचारा: एकाचे उत्तर उताऱ्यात सरळ असावे, दुसऱ्यासाठी दोन वाक्ये जोडावी लागावीत, तिसऱ्यात एखादी अट विचारलेली असावी. पुढच्या आठवड्यात तेवढाच कठीण दुसरा उतारा घ्या. पण वाचण्याआधी त्यातल्या नव्या शब्दांवर व विषयावर दहा मिनिटे बोला. वेळ आणि उत्तरे, दोन्हींची तुलना करा.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी चाळणे जरूर शिकावे. मथळे, आकृत्या, पहिला व शेवटचा परिच्छेद पाहून ‘हे मला हवे आहे का’ एवढे ठरवता येते. मात्र त्याला वाचन समजू नये.

वेग वाढतो तो शब्दांशी आणि विषयाशी ओळख वाढली की. ती पुष्कळ वाचल्यानेच होते. शिवरे गावाची पाटी नजरेत ओळखणाऱ्याने त्यासाठी कोणताही वर्ग लावलेला नसतो. तो त्या रस्त्याने अनेकदा गेलेला असतो.