छागलांचे आत्मचरित्र आणि त्यांचा एक निकाल

न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचे ‘रोझेस इन डिसेंबर’ हे इंग्रजी आत्मचरित्र १९७३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या समाजात छागलांचे नाव दोनच तऱ्हांनी घेतले जाते. कुणी त्यांना आदर्श राष्ट्रवादी मुसलमान म्हणतो, कुणी समाजाशी नाळ तोडलेला माणूस. दोन्ही निकाल बहुधा पुस्तक न वाचताच दिलेले असतात.

मुंबईच्या खोजा कुटुंबात १९०० साली जन्म, ऑक्सफर्डचे शिक्षण आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर होऊन जीनांच्या हाताखाली वकिली. जीनांवरची पाने हा पुस्तकाचा सर्वांत जिवंत भाग आहे. १९२८ च्या नेहरू अहवालाला छागलांनी पाठिंबा दिला, जीना संतापले, वाटा वेगळ्या झाल्या. आदर आणि दुखावलेपण, दोन्ही तिथे शाबूत आहेत.

पण छागलांना ओळखायचे तर आत्मचरित्राशेजारी त्यांचा १९५१ चा नरसू अप्पा माळी खटल्यातला निकाल ठेवावा. तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, सोबत न्या. गजेंद्रगडकर होते. हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची बंदी आणि मुसलमानाला मुभा, ही विषमता नव्हे काय, असा सवाल होता. छागला स्वतः समान नागरी कायद्याचे पुरस्कर्ते. तरीही, सुधारणा टप्प्याटप्प्याने, एकेका समाजापुरती करण्याचा सरकारला अधिकार आहे, असे त्यांनी ठरवले. व्यक्तिगत कायदे राज्यघटनेच्या १३ व्या कलमाच्या कक्षेत येत नाहीत, असेही दोघा न्यायमूर्तींनी म्हटले. ज्यांना आपण ‘परका’ म्हणतो, त्यांच्याच सहीचा हा निकाल पुढे शरीअतच्या बचावासाठी वारंवार पुढे केला गेला! आपल्यातल्या वकिलांना हे ठाऊक असते, वक्त्यांना नसते.

या निकालात न्यायाधीशाने आपले मत बाजूला ठेवले. आत्मचरित्रात तो संयम सुटतो. मुसलमानांनी काय करावे हे छागला ठामपणे सांगतात. मोहल्ल्यातला मुसलमान कसा जगतो, हे मात्र मला या पुस्तकात सापडले नाही.

भाषेच्या प्रश्नावर ही उणीव अधिक जाणवते. शिक्षणमंत्री असताना छागलांच्याच काळात, १९६४ मध्ये, कोठारी आयोग नेमला गेला. आयोगाने उच्च शिक्षणासाठी प्रादेशिक भाषांची शिफारस केली. सरकार त्या दिशेने निघाले तेव्हा, १९६७ साली, परराष्ट्रमंत्री असलेल्या छागलांनी राजीनामा दिला. इंग्रजी गेली तर विद्यापीठे एकमेकांपासून तुटतील, देशाची एकी ढासळेल, ही त्यांची भीती पोकळ नव्हती. खुर्ची सोडण्याची हिंमतही दुर्मीळ. पण मी उर्दू शाळेत शिकवतो. माझा विद्यार्थी घरात दखनी बोलतो, शाळेत उर्दू लिहितो, कचेरीत मराठीला अडतो आणि कॉलेजात इंग्रजीपुढे गप्प बसतो. छागलांच्या युक्तिवादात विद्यापीठ आहे, न्यायालय आहे, देश आहे. हा मुलगा कुठल्याच बाकावर नाही.